गंगूमावशीचा अमरकंद

गंगूमावशी आमच्या भालकीकडची. विद्यानगरातल्या एका कॉलेजच्या आवारात सव्वीस वर्सं झाडू मारती. तिचा बाप गावाकडं मानंवरच्या गाठींवर अमरकंद उगाळून लेप द्यायचा. कंदाची जागा कुनाला सांगायची नाही, सांगितली की गुन जातो, असं त्यानं पोरीला बजावलेलं.

तोच अमरकंद मावशीला कॉलेजच्या मागल्या खडकाळीत घावला. जमिनीतलं ऑर्किड ते. उन्हाळ्यात पान नसताना भुईतून नुसता दांडा वर येतो, त्याला जांभळट फुलं. पावसाळ्यात पानं, अन् दिवाळीनंतर सगळं वाळून जातं. मग वर काय बी दिसत नाही. आधी सात दांडे यायचे, मागल्या साली दोनच आले. मावशीनं एक बी कंद कधी उकरला नाही. तेवढी जागा सोडून झाडायची, बस.

पौषात वनस्पतिशास्त्राच्या प्राजक्ता मॅडम मोबाईलवर फोटू घेऊन आल्या. हे फूल आता इकडं दिसेनासं झालंय, आवारात कुठं असलं तर सांगा, कुंपन घालून घेते, म्हनल्या. मावशीनं फोटू लई वेळ न्याहाळला.

"नाही बाई, आपल्याकडं नाही असलं."

माघात तिथं गाड्या लावायला फरशी बसवायचं निघालं. जेसीबी खडकाळीत शिरला तशी मावशी झाडू घेऊन आडवी झाली. मुकादम हसला. "कायकू अम्मा? सोना गाडके रखी क्या?"

मावशीनं भुईकडं बघितलं. वाळकं गवत अन् दगड. मुकादम थांबला व्हता, खरंच थांबला व्हता.

"काही नाही," म्हनली अन् बाजूला झाली.

दुपारपर्यंत खडकाळी सपाट झाली. माती कुठं टाकली, हे विचारत ती दोन दिवस फिरली. कुनाला ठाव नव्हतं. तिसऱ्या दिवशी मॅडमच्या दारात उभी राहिली.

"व्हतं. मीच नाही म्हनले."

बापाचं सांगनं मावशीनं सांगितलं, ते मॅडमनी ऐकून घेतलं.

मग मावशी त्यांना आवारभर घेऊन फिरली. टाकीमागं शतावरी, भिंतीकडं मुसळी, कडुनिंबावर गुळवेल. जन्मात कुनाला सांगितलं नाही ते सगळं सांगत सुटली. मॅडम आधी वहीत लिहीत व्हत्या, मग लिहायच्या थांबल्या. असलं कुठं बी मिळतं. मावशीला ते ठाव नव्हतं असं नाही. तरी ती पुढं चालत, बोट दाखवत राहिली.