चापोचा बरा झालेला पाय

फ्लॉरेन्समध्ये अर्नो नदीपलीकडच्या चर्चची सगळ्यात वरची पायरी म्हणजे चापोची गादी. लहानपणी अंजिराच्या झाडावरून पडला आणि उजवा पाय वाळला. जीभ मात्र त्या पायाच्या वाटचंही धावायची. "पिप्पाबाई, आज काय रूप आलंय!" असं म्हणून तो भीक मागायचा. वजडीवाली पिप्पाबाई "मेल्या, कालही हेच म्हणालास," असं करवादत त्याच्या वाडग्यात गरम वजडी टाकायची.

संत लंगड्याला बरं करतोय, असं चित्र चर्चमध्ये लावायचं ठरलं. चित्रकार लात्तान्झिओ मास्तरांनी लंगडा म्हणून चापोलाच उभं केलं. उभं कसलं, टांगलं! काखेतून दोर, मान मागे, कंबर पुढे.

"मास्तर, माणूस असा उठतो होय? असा तर मासा तडफडतो!"

"गप! याला लालित्य म्हणतात."

"मग माझ्या लालित्याला भूक लागलीय."

कागदावर चापो झकास उतरला. मास्तरांनी रेघारेघांवर सुईनं भोकं पाडली आणि कागद फळीवर ठेवून कोळशाची पूड थापटली. फक्त वारुणीच्या भरात कागद पालथा पडला. संत डाव्या हातानं आशीर्वाद देतोय हे पाहून मास्तर दचकले, तेवढा हात त्यांनी बदलला. बाकीचं तसंच रंगवलं.

सणाच्या दिवशी पडदा सरला. मान बगळ्याची, बोटं मेणबत्त्यांसारखी, पण तोंड?

"अगं बाई, हा तर आपला चापो! उठला की गं!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून वाडगा कोरडा. पिप्पाबाईनंही पळी आखडली. "संतानं उठवलं तरी बसलेलाच? आळशी मेला!"

पाद्रीबाबा नेहमीप्रमाणे नाकातून म्हणाले, "चाऽऽपो, तू कुबडी घेऊन दारात बसलास तर संताची अब्रू काय राहील? रविवारपासून पायरी सोऽऽड."

पायरी सुटली की भाकरी सुटली. चापो खुरडत आत गेला, ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं, आणि एकटाच खिदळला.

रविवारी प्रार्थना संपताच त्यानं चित्राखालून आरोळी ठोकली. "चमत्कार खरा आहे हो! संताचा हात कुठल्या पायावर? डाव्या! हा बघा माझा डावा!" त्यानं डावा पाय असा झाडला की पाद्रीबाबा दोन पावलं मागे सरले. "ठणठणीत! उजव्याचं गाऱ्हाणं अजून संतापर्यंत पोचायचंय. तोवर मी वाट बघायची कुठं, पाद्रीबाबा?"

पाद्रीबाबांनी कुबडीकडे पाहिलं, मग चित्राकडे. डावा पाय नाकारावा, तर चित्र खोटं ठरतं. "बऽऽस पायरीवरच," एवढंच बाहेर आलं. पिप्पाबाई तोंडाला फडकं लावून हसत सुटली आणि वाडगा काठोकाठ भरून गेली.

संध्याकाळी मास्तर ओशाळून आले, हातात रंगाची वाटी. "चूक झाली रे चापो, कागद पालथा पडला. लगेच उजवा करून देतो."

चापोनं दारात कुबडी आडवी धरली. "खबरदार! तुमचा कागद उलटला म्हणून माझी जागा वाचली. उजवाही बरा केलात, तर मी खाऊ काय? तुमचं लालित्य?"