ड्रायरच्या भांड्यावरची शीग

"जयरामला काढून टाका," असं म्हणत फॅक्टरीचे मालक शहासाहेब यांनी माझाच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वसई पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या औषधाच्या गोळ्या बनवणाऱ्या एका छोट्या फॅक्टरीत मी प्रॉडक्शन केमिस्ट होते. महिनाभर ड्रायरमधून गोळ्यांचा दाणेदार माल ओला येत होता, गोळ्या त्यांना दाबून आकार देणाऱ्या पंचाला चिकटत होत्या, आणि हे फक्त जयराम भोईरच्या शिफ्टला होत होतं. 'ऑपरेटर मशीन वेळेआधी बंद करत असावा,' असं लिहून मी मोकळी झाले होते. जयराम चिंचोटीकडचा, भातशेती करणाऱ्या घरातला. त्याला परमनंट व्हायला जेमतेम महिना उरला होता.

"जयराम, मशीन लवकर बंद करता का तुम्ही?" मी खाली जाऊन विचारलं.

"घड्याळ बघूनच बंद करतो, मॅडम. एक दिस उभ्या राहून बघा ना!"

मला राग आला. पण त्याचं बरोबर होतं, मी एकदाही उभी राहिले नव्हते.

आमचा ड्रायर म्हणजे बुडाला बारीक जाळी असलेलं स्टीलचं मोठं भांडं. खालून गरम हवा सोडायची. मालाचा थर बेताचा असेल तर हवा दाण्यादाण्यातून जाते आणि सगळा माल भात रटरटावा तसा उसळत राहतो. याला फ्लुइडायझेशन म्हणतात. थर जाड झाला की तेवढ्याच हवेला तो उचलत नाही. मग ती जिथे अडथळा कमी तिथून वाट काढते आणि बाकीचा माल तसाच ओला राहतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शिफ्टला उभी राहिले. एक लॉट तीन वेळा भांडं भरून वाळवायचा असे. किती भरायचं त्याची लाल लाईन मीच आतून मारली होती. जयरामने लाईनपर्यंत माल भरला, वर आणखी ओतला आणि हाताने मधोमध छान टोक काढलं. मशीन सुरू झाल्यावर मी काचेतून पाहिलं. मधला ढीग जागचा हलत नव्हता. हवा कडेच्या पातळ थरातून निघून चालली होती. तिसऱ्या वेळी उरलासुरला माल इतका कमी पडला की त्यातली बारीक पूड उडून वरच्या फिल्टर बॅगेत गेली.

"हा ढीग कशाला?"

"शीग हाय ती," तो म्हणाला, जणू मी खुळ्यासारखं काही विचारलं होतं. "माप सपाट केलं तर देनाऱ्याचा हात आखडला म्हनतात. आमच्यात असं कोनी देत नाय."

आमच्या गावी, सांडोरला, आई वाल मोजतानासुद्धा मापावर शीग ठेवायची. मला तरी हे कळायला हवं होतं!

आम्ही पुढचा लॉट लाकडी पट्टीने सपाट करून तीन सारख्या थरांत वाळवला. वेळ तीच, हवा तीच. माल कोरडा आला.

"म्हणजे चूक त्याचीच ना?" शहासाहेब म्हणाले.

"लाईन मी मारली, सर. ती का मारली, ते त्याला सांगितलं नाही."

त्यांनी जुना रिपोर्ट मला परत दिला. नव्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं.

महिन्याने जयराम परमनंट झाला आणि पेढे घेऊन आला. पहिला मला दिला. "मॅडम, तुमी उभ्या राहिल्या म्हनून."

पहिला रिपोर्ट कोणी लिहिला, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ड्रायर माझ्या टेबलापासून तीस पावलांवर होता. रिपोर्ट लिहिण्याआधी तेवढं चालावं.