चिबडासाठी गोडं पाणी

“मॅडम, बाहेर थंड हाय ते मला पण कळतंय. पण अर्धा तास एसी लावा. माज्या चिबडाला तहान लागलीय.”

लिफ्टचं दार उघडताच हे कानावर पडलं आणि मला परत लिफ्टमध्ये शिरावंसं वाटलं. समोरच्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्यापुढे, हातात रिकामा कॅन घेऊन, आमच्याच मजल्यावर मुलाकडे राहणारे रत्नागिरीचे चाचा.

“अहो, मार्चमध्ये कोण एसी लावतं? मला गारठायला होतं.”

“मग शाल घ्या ना अंगावर,” चाचा म्हणाले.

काकूंनी शाल घेतली आणि एसी लावला.

आखातातल्या या अख्ख्या वाळवंटात पाण्याचा एकही थेंब वाया जाऊ न देणारा एकच माणूस असेल, तर ते चाचा. तीस वर्षं रुवैसच्या तेल रिफायनरीत पाइप फिटर होते. दोन मजले वरचा गळका नळ त्यांना झोपेत ऐकू येतो असं त्यांची सून सांगते, आणि ती हे कौतुकाने सांगत नाही. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या बिल्डिंगीत ज्या ज्या बाल्कनीत एसीची नळी ठिबकते, तिथे तिथे त्यांनी तारेने बाटल्या बांधल्या आहेत. रोज सकाळी त्या उतरवायच्या, कॅन ट्रॉलीवर चढवायचे आणि वीस मिनिटं चालत बागेत जायचं. तिथे भाड्याने छोटे वाफे मिळतात. त्यांचा वाफा माझ्या वाफ्याला लागून आहे. माझ्या वाफ्यात टोमॅटो होते, त्यांच्यात चिबडाचे तीन वेल.

चिबूड म्हणजे कोकणातलं एक भुसभुशीत गोड फळ, हे मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या आईने दरवर्षी राखेत घोळवून जपलेल्या वाणाच्या शेवटच्या पाच बिया त्यांच्याकडे उरल्या होत्या. आई गेली, गावच्या परसात कोणी काही लावेना. यंदा त्यांनी पाचही पेरल्या, तीन उगवल्या. “मे लागायच्या आत एक फळ पिकलं पायजे,” ते म्हणाले. “फक्त बियाणापुरतं. नायतर हे वाण खलास.”

आणि नेमका यंदाच हिवाळ्यात पाऊस पडला नाही. बागेची विहीर आधीच मचूळ, ती मार्चपर्यंत चक्क खारट झाली. टँकरचं गोडं पाणी दर वाफ्याला आठवड्यातून दोन पिंपं मिळायचं. टोमॅटो त्यात कसेबसे तगायचे. चिबडाचं भागायचं नाही, म्हणून ही एसीची वणवण.

रमजान सुरू झाला तरी चाचांचा क्रम चुकला नाही. दिवसभर स्वतः घोटभर पाणी घ्यायचं नाही आणि वेलांसाठी कॅनमागून कॅन ओढायचे. नमाजाआधी हातपाय धुवायचे, तो वजू ते वाफ्याच्या कडेला बसूनच करायचे, तेही अशा बेताने की कोपरावरून ओघळलेलं पाणी वेलाच्या बुंध्याशी जावं. अडचण एकच होती. मातीत मीठ किती चढलंय ते चाचा जिभेवर माती ठेवून ओळखायचे, आणि रोज्यात ते जमेना.

“बाय, तुजा रोजा नाय. जरा चाखून सांग.”

मी शाळेत कुणाच्या डब्यातलं खात नसे. पण त्या म्हाताऱ्या माणसाने चिमूटभर माती इतक्या विश्वासाने पुढे धरली होती, की मी चाखली.

“खारट?”

“थोडी.”

“थोडी म्हंजे पापडाएवढी की लोणच्याएवढी?”

मी पुन्हा चाखली. “पापड,” मी म्हटलं. चाचांनी पंचांगात मुहूर्त सापडावा तशी मान डोलावली आणि त्या वेलाला अर्धा कॅन जास्त दिला. पुढे महिनाभर मी रोज माती चाखली, आणि घरी कुणाला सांगितलं नाही. एप्रिलमध्ये एका वेलाला लिंबाएवढं फळ धरलं. चाचा त्याच्यावर आपला रुमाल टाकून दुपारभर शेजारी बसायचे.

मग एका शनिवारी बागेच्या मल्याळी सुपरवायझरने सगळ्यांना गोळा केलं. टँकर निम्मेच येणार, म्हणून निम्म्याच वाफ्यांना पाणी. चिठ्ठ्या टाकल्या. माझा नंबर निघाला, चाचांचा निघाला नाही. आणि नुसत्या एसीच्या पाण्यावर फळ पिकणार नव्हतं.

मला वाटलं, आता ते एकेकाला पकडतील. अख्ख्या बिल्डिंगीला शाली पांघरायला लावणारा माणूस. पण त्यांनी रिकामा कॅन उचलून ट्रॉलीवर ठेवला. “चाचा, किसी से माँग लो ना,” कोणीतरी म्हणालं.

“एसी माँगना अलग बात है,” चाचा म्हणाले. “इधर सबका पौधा प्यासा है.” आणि ते वेलाकडे जाऊन रुमाल सारखा करू लागले. फळ एव्हाना मुठीएवढं झालं होतं.

माझ्या टोमॅटोंवर नुकता लाल रंग चढत होता. मी आयुष्यात स्वतः वाढवलेली ती पहिलीच गोष्ट. सुपरवायझर वही मिटत होता. मी शाळेत करायचे तसा हात वर केला, आणि सगळे वळून बघायला लागले. वाक्य मी मनात इंग्रजीत जुळवलं होतं. तोंडातून आलं ते मराठीत, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ मोठ्याने:

“माझा वाफा मी सोडते. माझं पाणी चाचांच्या चिबडाला द्या.”