एका तांब्याला एक नदी

मंगळवारी सकाळी आई आंघोळीला गेली. बादलीतलं पाणी संपण्याआधी तिचा श्वास अडला आणि तिला पाटावरून उठता आलं नाही. मी दार ढकलून आत गेले, तिला पुसलं, गाऊन घातला आणि पलंगावर आणून बसवलं. त्यानंतर तिला आंघोळ मी घालू लागले.

फुप्फुसांच्या आजाराचं नाव डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आईने ते कधी उच्चारलं नाही. ती फक्त ‘छाती’ म्हणायची. आज छाती बरी आहे, आज छाती ऐकत नाही. लग्नाआधी भिवापूरला मिरचीचे देठ खुडण्यात आणि लग्नानंतर चुलीपुढे तिची बरीच वर्षं गेली होती. हुडकेश्वरच्या आमच्या घरात आम्ही दोघीच. मी कॉलेजात शिकवते आणि उरलेला वेळ वाचते. छातीमुळे तिने पायऱ्या सोडल्या, भजनाला जाणं सोडलं, फोडणीचं काम माझ्याकडे दिलं. कशाबद्दलही तिने तक्रार केली नाही. पण मी पाठीवर पाणी घालू लागले की ती डोळे मिटून घ्यायची, आणि ते पूर्ण कपडे चढेपर्यंत उघडायची नाही.

“आई, दुखतं का कुठे?”

“नाही दुखत. लेकराले धुतात तशी धुऊन राहिली तू मले. मी का लेकरू आहो?”

डॉक्टरांनी तिला दवाखान्यातल्या बुधवारच्या वर्गाला पाठवलं. दम लागणाऱ्या माणसांनी आपला आजार आपणच कसा सांभाळायचा, हे तिथे शिकवत. मला वाटलं होतं, भाषण असेल. पण व्यायाम शिकवणाऱ्या तरुण बाईंनी खुर्च्या गोल मांडल्या आणि प्रत्येकाला एकच विचारलं: तुम्हाला पुन्हा काय करायचं आहे?

कळमन्याच्या फळबाजारात अडत्याचं काम केलेले एक आजोबा म्हणाले, “संत्र्याच्या लिलावात एकदा उभं राहायचं आहे. बसून बोली लावण्यात मजा नाही.”

आईची पाळी आली. “माही आंघोळ माह्या हातानं.”

कोणी हसलं नाही. आजोबांनीच आईकडे वळून विषय हलका केला. “बाई, तुम्ही कधी बिडी प्यायल्या का?”

“नाही वा! काहून?”

“मी तं जिंदगीभर प्यायलो, तवा इथं आलो. तुम्ही न पेता आल्या. म्हणजे मीच फायद्यात!”

“घरच्या चुलीनं पाजली नं मले,” आई म्हणाली. “तुमची बिडी तरी तुमच्या मर्जीची होती गा भाऊ.”

मग बाईंनी तिला आंघोळ कशी करता ते करून दाखवायला सांगितलं. आईने पाण्याची रिकामी बाटली हातात घेतली, ती डोक्याच्या वर नेली आणि नद्यांची नावं घेऊ लागली. तिच्या सासूने तिला शिकवलं होतं की पहिला तांब्या डोक्यावर रिता होईपर्यंत सगळ्या नद्यांची नावं एका दमात घ्यायची; मधे श्वास तोडला तर ती नुसती अंग ओलं करण्याची गोष्ट. नवी नवरी असल्यापासून ती हेच करत होती. त्या दिवशी खुर्चीत बसून, अंगावर एक थेंब न घेता, तिसऱ्या नावापाशी तिला धाप लागली. बाथरूममध्ये तर दार बंद असे, आणि पाणी इतकं कढत की वाफेत आरसा दिसत नसे.

बाईंनी तिला पुढे वाकून, कोपर मांडीवर टेकून बसवलं. बशीतला चहा फुंकावा तसे ओठ करून हळूहळू श्वास सोडायला लावला. धाप बसल्यावर म्हणाल्या, “हात वर नेताना तुम्ही श्वास कोंडता, आजी. जोर लावायचा तेव्हा श्वास सोडायचा. नावं तेवढी आंघोळीनंतर घ्या.”

“नावं नाही सोडत,” आई म्हणाली.

घरी आल्यावर तिने तांब्या मागितला, पलंगावर बसली आणि साडी नेसलेली असतानाच कोरडी आंघोळ सुरू केली. नाकाने श्वास घ्यायचा. मग तांब्या उचलत एकच नाव, फुंकर घातल्यासारखं लांबवून. तांब्या खाली. थांबायचं. मग पुढची नदी. तो आठवडाभर मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत होते आणि भिंतीपलीकडून गोदावरी लांब लांब होत होती.

पुढच्या बुधवारी तिने वर्गात ते करून दाखवलं. बाई म्हणाल्या, हे मी आता इतरांनाही सांगेन. आजोबांना काळजी वेगळीच. ते आईला म्हणाले, “नाग नदीचं नाव नका घेऊ बाई, नाला झाला तिचा, पुन्हा आंघोळ करावी लागंल!”

आम्ही पाट काढून प्लास्टिकचं स्टूल ठेवलं. पाणी कोमट, खिडकी उघडी, कडी न लावलेली, टॉवेल हाताशी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी तोंडाने ओढायचा औषधाचा पंप. पहिल्या दिवशी मी दाराशी उभी राहिले, तर आतून आवाज आला, “तिथं काहून उभी हायेस वं? जाऊन बस.” मी पॅसेजमध्ये पुस्तक घेऊन बसले. एक ओळ वाचली नाही. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली. पाठ ओलीच होती, गाऊनची बटणं खालीवर लागली होती. मी हात पुढे केला नाही. ती भिंतीला टेकली, फुंकर घालत श्वास सोडला आणि चहा मागितला.

रोज जमत नसे. वर्गात त्यांना दिवसांचे रंग शिकवले होते: हिरवा, पिवळा, लाल. कफ दाट झाला, रंग बदलला, रोजच्यापेक्षा जास्त दम लागला की पिवळा. अशा सकाळी ती स्वतःच म्हणायची, “आज पिवळा हाय. डॉक्टरले फोन लाव.” मग खुर्चीत बसून ओल्या फडक्याने अंग पुसायची, तेही स्वतःच. पूर्वी ती दुखणं लपवायची. आता वेळेवर सांगू लागली.

अशी दोन वर्षं गेली. मग एका हिवाळ्यात सकाळी तिने ‘लाल’ म्हटलं, आणि मी गाडी बोलावली. वॉर्डात नर्स अंग पुसायला आली तेव्हा आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. आईने हात पुढे केला, नर्सच्या हातातलं फडकं घेतलं आणि आपली मान, आपले दंड पुसले. पायांपर्यंत हात पोचला नाही. तेवढे तिने नर्सला पुसू दिले.

ती घरी परत आली तेव्हा चुलत्या, मावश्या जमल्या होत्या. शेवटची आंघोळ मी घातली. त्या दिवशी तिने डोळे मिटले आहेत की काय, हे बघायची गरज नव्हती.

घरात आता मी एकटी आहे. बुधवारी सकाळी मला तास नसतो. मी त्या वर्गाला जाते आणि नव्याने आलेल्या कोणाच्या तरी मुलीशेजारी, सुनेशेजारी बसते. बहुधा त्या विचारतात, काय काय करून द्यावं लागतं? मी सांगते, आधी त्यांना विचारा.