पोटातलं दुखणं

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी मला खाली, योनीच्या तोंडाशी डाव्या बाजूला, गाठ आली. मोताळ्याजवळच्या आमच्या गावात कपाशीची वेचणी ऐन भरात होती आणि मला धड बसता येत नव्हतं. पंगतीत सगळे मांडी घालून बसायचे, मी आपली उभी. सासूबाई सगळ्यांदेखत विचारायच्या, "काऊन उभी हायेस वं? पाट पाहिजे का तुले, मानाचा?"

आमच्याकडे सून एकटी दवाखान्यात जात नाही. सासू सोबत येते आणि बोलतेही तीच. डॉक्टर पुरुष. त्यांनी काय होतंय विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत ह्या म्हणाल्या, "पोटात दुखते तिले."

पोटाच्या गोळ्या मिळाल्या. गाठ पिकली, फुटली, पुन्हा भरली. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा तेच पोट. येताना एसटीत त्या बजावायच्या, "तिथलं नाव मान्सापुढं घ्याचं नसते." मी एका कुल्ल्यावर तोल सावरत, दातओठ खात ऐकायचे. याचं उट्टं काढायचं, हे मी त्या एसटीतच ठरवलं.

पुढे माहेरी गेले तेव्हा आईनं बुलढाण्याला बाईडॉक्टरकडे नेलं, मला आत ढकललं आणि स्वतः बाहेर बसली. मी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या, "तिथल्या ग्रंथीचं तोंड बुजलं की आत साचतं. लहान असेल तर कोमट पाण्यात बसून उतरतं, पिकलं तर चीर द्यावी लागते. तुझी सारखी भरते, म्हणून छोटं ऑपरेशन करून कडा शिवू, वाट उघडी राहील. त्यानंही नाही भागलं तर ग्रंथीच काढायची."

कडा शिवून भागलं. बरी झाल्यावर पहिल्यांदा मांडी घालून जेवले आणि ढसाढसा रडले, रागानं.

मागच्या वर्षी सासूबाईंचं अंग, म्हणजे गर्भाशय, खालून बाहेर यायला लागलं. मला गोठ्यामागे नेऊन त्यांनी हळूच सांगितलं. मी त्यांना त्याच बाईडॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी काय होतंय विचारलं. सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या, तू सांग म्हणून डोळ्यांनीच विनवत होत्या. या घडीची मी किती वर्षं वाट पाहिली होती!

"पोटात दुखते त्यायले," मी म्हणाले.

"कुठं दुखतं पोटात?"

मी पंख्याकडे बघत बसले. शेवटी सासूबाईंनीच तोंडाला पदर लावून, रडत सांगितलं, "पोट नाही हो मॅडम. खालून अंग येते."

मला दया आली नाही.

"मोठ्यानं सांगा, आत्याबाई," मी म्हणाले.