पिस्तुलावरचा इंग्रजी शब्द

कॅन्सरचं निदान झाल्यावर बाबांनी घरातलं परवान्याचं जुनं जर्मन पिस्तूल पोलिसांत जमा करायचं ठरवलं. "बोयसरला कारखान्यात भागांवर नंबर तूच ठोकतोस ना? मग वाच काय लिवलंय ते," असं म्हणत त्यांनी मला ते कपाटातून काढायला लावलं.

घिवलीच्या खाऱ्या हवेनं त्यावर गंज चढला होता. रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खाचांत आईची पावडर चोळली आणि भिंग धरलं. मुख्य नंबराचे शेवटचे दोन आकडे बारीकसारीक भागांवरही होते. म्हणजे सगळे भाग एकाच पिस्तुलाचे. आजोबांनी लढाईत एका जर्मन अधिकाऱ्याला लोळवून ते मिळवलं, असं आमच्याकडे सांगत. म्हणून मी जर्मन लष्कराचा शिक्का शोधत होतो. तो कुठंच नव्हता. बारीक इंग्रजी अक्षरांत 'जर्मनी' एवढं कोरलेलं होतं, आणि नळीवर इंग्लंडमधल्या तपासणीचा ठसा. फोनवर तसल्या पिस्तुलांचे फोटो ताडून पाहिले. जर्मन लोक आपल्याच सैनिकाच्या हत्यारावर देशाचं नाव इंग्रजीत कशाला घालतील? हे विकायला इंग्लंडात गेलेलं होतं.

मी बाबांना सांगितलं. वाटलं, चिडतील.

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले. "तुझा आजा एका इंग्रज साहेबाचा अर्दली होता. हे त्या साहेबाचं. त्यानं तंबूत सोताला गोळी घातली. तंबू आज्यानं धुतला. पिस्तुलाचं कुणी विचारलं नाय, यानं आणलं. परवाना मागाहून काढला."

"मग ती लढाईची गोष्ट?"

"तुझ्या आजीनं रचली. घरात आमी पोरं. दुसरं काय सांगणार?"

मी पिस्तूल फडक्यात गुंडाळायला लागलो, तसे ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दुखायला लागलं का माझं लक्ष कपाटाकडंच जातं. उद्यावर टाकू नको. आताच ने."

आई दारातच उभी होती. तिनं पिस्तुलाच्या गोळ्यांची डबी पिशवीत घातली आणि पिशवी माझ्या हातात दिली.

पोलीस ठाण्यात हवालदारानं नंबर जुळवून पावती दिली. घरी आलो तेव्हा बाबांनी "दिलंस?" एवढंच विचारलं.

त्यानंतर ते पावसाळाभर जगले, बरेचसे कण्हत. आई पाय चेपत बसायची. कळ आली की मधेच ते मला विचारत, "त्या साहेबाचं नाव नव्हतं ना रे कुठं कोरलेलं?"

मी नाही म्हणायचो. खरंच नव्हतं.