लोकरीची लडी

थंडीत दुपारचं ऊन आमच्या खिडकीत जेमतेम तासभर टिकतं. तेवढ्यात मी यांना खुर्चीत बसवते, दोन्ही हातांवर लोकरीची लडी अडकवते आणि समोर बसून गुंडा करत जाते.

यंदा यांचा नवा स्वेटर मी जुन्याच्या मापाने विणला. घातला तर खांद्यावरून उतरला.

"लोकर सैल पडली असेल गं," हे म्हणाले.

रोज आंघोळ मीच घालते, पण माणूस किती वाळलाय हे मला त्या स्वेटरने सांगितलं. मग तो सगळा उसवला. लोकर धुतली, वाळवली, तरी तिच्यातली टाक्यांची वळणं गेली नाहीत. मी दमलेय. आता पुन्हा पहिल्या टाक्यापासून विणायचं, आणि या वेळी लहान.

आज गुंडाळता गुंडाळता यांचा डोळा लागला. लडी संपली, तरी रिकामे हात तसेच समोर धरलेले.

"संपली का?" डोळे न उघडताच त्यांनी विचारलं.

"अजून आहे थोडी," मी म्हटलं आणि गुंडा मांडीवर ठेवून बसून राहिले. त्यांच्या तळव्यांवर अजून ऊन होतं.